नवी बोली, जुनी रीत

अलीकडे वाचकांकडून येणाऱ्या पत्रांत आणि रविवारच्या मिस्सेनंतर मंडळीशी होणाऱ्या बोलण्यात एक तक्रार आम्हांस वारंवार ऐकू येऊ लागली आहे. तक्रार करणारे बहुधा वडीलधारे असतात. मुलाने मोबाईल आणून दिला, नातवाने तो लावूनही दिला. परंतु त्यावर जे लिहून येते ते समजत नाही, आणि समजत नाही असे सांगण्याची लाज वाटते, असे ते म्हणतात. पेडणे व डिचोली तालुक्यांतील घरांची स्थिती तर याबाबतीत विशेषच आहे. आजीआजोबा घरी कोंकणी बोलतात. शिकले असतील तर मराठी शाळेत शिकलेले असतात. आणि नातवंडांची शाळा पुष्कळदा इंग्रजी असते. त्यातच मुलगा आखातात, लेक मुंबईस, पुतण्या बोटीवर. अशा विखुरलेल्या घराला एकत्र बांधणारा दोर म्हणजे हे हातातले यंत्र होय. आणि दोराचे गावाकडील टोक ज्याच्या हाती आहे त्यालाच तो कसा धरावा हे कोणी सांगितलेले नसते.

म्हणून आज या सदरात संगणक व मोबाईल यांवरील बोलीविषयी, आणि त्या बोलीत बोलताना पाळावयाच्या रीतीविषयी, चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे. शब्द फारसे अवघड नाहीत. रीतही बहुतेकांस ठाऊकच असते. यंत्र हाती आले म्हणजे तिचा विसर पडतो एवढेच. खरी अडचण आहे ती लाजेची. तिच्याकडे आम्ही शेवटी वळू.

प्रथम त्या आखूड शब्दांविषयी. ‘‘हल्लीच्या मुलांना दोन शब्द पुरे लिहिण्याचाही कंटाळा,’’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आपल्या ट्रंकेतील जुनी पत्रे एकवार काढून पाहावीत. ‘ती. बाबांस’ अशी सुरुवात, त्यापुढे ‘सा. न. वि. वि.’, शेवटी ‘क. लो. अ.’ आणि त्याखाली ‘ता. क.’. परक्या माणसाने हे वाचले तर त्यास काय बोध होईल? परंतु तीर्थरूप, साष्टांग नमस्कार विनंती विशेष, कळावे लोभ असावा, ताजा कलम, हे सारे आपण न सांगता ओळखतो. कारण कोणीतरी आपणांस शाळेत ते शिकविले होते. तारेची गोष्ट तर याहून पुढची. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसे क्रियापदेसुद्धा गाळीत. आणि शुभेच्छांच्या तारेसाठी खात्याने ठराविक वाक्यांना क्रमांकच देऊन ठेवले होते. क्रमांक लिहून दिला की पलीकडे पूर्ण वाक्य उमटे. ती तार आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु थोडक्यात लिहिण्याची गरज तिच्याबरोबर संपली नाही.

मोबाईलवरील आखूड बोलीचे कारण असेच हिशेबी आहे. फोनवर पाठविलेला पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात गेला, आणि तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. अशा एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरेच मावत. पुढे देवनागरीची सोय झाली तेव्हा आपल्या अक्षरांस अधिक जागा लागत असल्यामुळे एका संदेशात फक्त ७० खुणा बसू लागल्या, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी यांचीही वेगळी मोजणी होई. संदेश लांबला तर दुप्पट पैसे. अशा स्थितीत मुलांनी शब्द छाटले यात उद्धटपणा नव्हता, काटकसर होती. पुढे पैशांची अडचण सरली, पण सवय राहिली.

त्यांतील नेहमी येणारे चार शब्द सांगतो. ‘जीएम’ व ‘जीएन’ म्हणजे सकाळचा व रात्रीचा नमस्कार. ‘एचबीडी’ म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा. ‘टीसी’ म्हणजे प्रकृतीस जपा. आपल्या पत्रांतील ‘प्रकृतीची काळजी घ्यावी’ याचेच ते धाकटे भावंड. ‘बीआरबी’ म्हणजे जरा उठून जातो, एवढ्यात येतो. ‘एलओएल’ म्हणजे मोठ्याने हसू आले. पुष्कळ प्रेम असा त्याचा अर्थ समजून कित्येकांनी तो भलत्या ठिकाणी वापरला आहे, म्हणून सावध राहावे. ‘आरआयपी’ म्हणजे मृतास शांती लाभो. आपल्या दफनभूमीतील दगडांवर ही तीन अक्षरे आपण पूर्वीपासून वाचीत आलो आहोत. आणि ‘के’ एवढेच एक अक्षर आले तर ‘ठीक आहे’ असे समजावे. मुलगा रागावला आहे असे लगेच मनात आणू नये. तो कामाच्या पाळीवर उभ्याउभ्या लिहीत असेल.

दुसरी तक्रार लिपीची. ‘‘मराठी लिहितात, पण इंग्रजी अक्षरांत. हा काय प्रकार?’’ या प्रश्नाने निदान गोमंतकीय ख्रिस्ती वाचकाने तरी दचकू नये. रोमी अक्षरांत छापलेली आपल्या भाषेची पुस्तके हाती धरूनच आपल्या कित्येक पिढ्यांनी प्रार्थना केली आहे. एवढेच नव्हे, तर मराठीतील एक थोर काव्य रोमी अक्षरांतच प्रथम छापले गेले. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे प्रसिद्ध झाले. ओवी मराठी, रचना पुराणाची, आणि अक्षरे रोमी. असे का झाले? गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, परंतु देवनागरीचे खिळे नव्हते. फादर स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात या देशाच्या भाषेत व लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली जुनी इच्छा प्रकट केली आहे. अडचण अशी की युरोपच्या लिपीस दोन डझन खिळे पुरतात, तर आपल्या लिपीतील जोडाक्षरांसाठी शेकडो खिळे ओतावे लागतील. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी रायतूरच्या छापखान्यापुढे जी अडचण होती तीच पंचवीस वर्षांपूर्वी मोबाईलपुढे होती, आणि दोहोंनी एकच तोड काढली.

मात्र आता ती अडचण उरलेली नाही. जगातील लिप्यांना संगणकात एकेक ठराविक क्रमांक देणारी ‘युनिकोड’ नावाची व्यवस्था १९९१ साली सुरू झाली आणि तीत देवनागरीला प्रारंभापासून जागा मिळाली. आज साध्या मोबाईलवरही मराठीचा कळफलक विनामूल्य मिळतो; बोटे थरथरत असतील तर तोंडाने बोलावे, यंत्र अक्षरे उमटविते. म्हणून तरुणांस आमचे सांगणे आहे की मित्रांना तुम्ही हवे त्या लिपीत लिहा, परंतु आजीला लिहिताना देवनागरीत लिहा. ज्या लिपीत तिने धुळाक्षरे गिरविली ती तिला डोळे ताणल्याशिवाय वाचता येते. शिवाय रोमी अक्षरांत घोटाळाही होतो. ‘काल’, ‘काळ’ आणि ‘कळ’ हे तिन्ही शब्द घाईने लिहिताना एकसारखेच दिसतात. तेव्हा ‘पाहुणा काल आला’ असे लिहिणाऱ्याने आजीच्या पोटात उगीच गोळा येईल असे करू नये!

आता यंत्राविषयीचे शब्द. ते ऐकून पुष्कळांस धडकी भरते. परंतु जवळ जाऊन पाहिले तर ते घरातलेच निघतात. माऊस म्हणजे उंदीरच. अमेरिकेतील डग्लस एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४ च्या सुमारास लाकडाची एक लहानशी डबी तयार झाली. तिच्या तारेची शेपटी पाहून तिला ते नाव पडले. फाईल म्हणजे कागद आणि फोल्डर म्हणजे ते कागद ठेवण्याचे बासन. बग म्हणजे किडा, अर्थात यंत्राच्या कामातील दोष. हा शब्द यंत्रज्ञांच्या बोलीत पूर्वीपासून होता. परंतु १९४७ साली हार्वर्ड येथील एका प्रचंड गणकयंत्रात खरोखरचा पतंग अडकलेला सापडला आणि तो वहीत चिकटवून ठेवण्यात आला, तेव्हापासून त्याची विशेष ख्याती झाली. ईमेलच्या पत्त्यातील ते शेपटीवाले चिन्ह १९७१ साली रे टॉमलिन्सन या तंत्रज्ञाने निवडले. व्यापारी लोक ते ‘या दराने’ अशा अर्थी वापरीत. आपण त्यास ‘ॲट द रेट’ म्हणतो ते त्याच जुन्या हिशेबामुळे.

ब्राउझर म्हणजे काय, असा प्रश्न एका आजोबांनी आम्हांस विचारला होता. केरीहून तेरेखोलास जाणारी फेरीबोट डोळ्यांपुढे आणावी. बोट म्हणजे तेरेखोल नव्हे. ती पलीकडच्या तीरावर नेणारे साधन आहे. ब्राउझर ही ती बोट. पलीकडचा किल्ला, घर, दुकान म्हणजे संकेतस्थळ. आणि कोणते ठिकाण कोणत्या वाटेवर आहे ते सांगणारा धक्क्यावरचा माणूस म्हणजे गूगलसारखे शोधयंत्र. तो वाट दाखवितो. पलीकडचा माणूस खरे बोलेल याची हमी देत नाही. ‘‘गूगलने सांगितले’’ म्हणून औषध घेणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा.

संदेश जातो कसा, हे डिचोलीच्या वाचकास समजाविणे तर फारच सोपे. खाणी जोरात चालत तेव्हा तेथील खनिज एका गलबतात मावत नसे. ते अनेक बार्जेसमध्ये भरून मांडवीतून मुरगावास जाई आणि तेथे एका मोठ्या जहाजात एकत्र होई. तुमचा फोटो किंवा पत्र असेच लहान लहान तुकड्यांत निघते, वेगवेगळ्या वाटांनीही जाते, आणि पलीकडे पुन्हा जोडले जाते. आपल्याकडून माल चढविणे ते अपलोड आणि आपल्याकडे उतरवून घेणे ते डाउनलोड. क्लाउड म्हणजे ढग, परंतु तो आकाशात नाही. कोणा मोठ्या कंपनीच्या इमारतीत मांडलेल्या यंत्रांचे ते कोठार होय. तुमची चिठ्ठीचपाटी तेथे ठेवलेली असते आणि तिची किल्ली म्हणजे पासवर्ड. दुसऱ्याच्या वाड्यातील खोलीत आपण आपले सामान ठेविले आहे, इतके मनात असले की ती किल्ली कोणास द्यावी आणि कोणास देऊ नये हे निराळे सांगावे लागत नाही.

शब्द एवढे पुरेत. आता रीतीकडे वळू. कारण शब्द चुकला तर हसे होते, पण रीत चुकली तर माणूस तुटतो.

समोरासमोर बोलताना आपण केवळ शब्द ऐकत नाही. चेहरा पाहतो, आवाजातील ओलावा जाणतो. ‘‘ये रे गाढवा’’ हे शब्द आजीच्या तोंडून आशीर्वादासारखे लागतात. तेच कागदावर लिहिले तर शिवी होते. यंत्रावरील संदेशाला चेहरा नसतो. ही उणीव संगणक वापरणाऱ्यांच्या फार लवकर ध्यानात आली. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील अध्यापक स्कॉट फालमन यांनी असे सुचविले की थट्टेच्या मजकुराखाली दोन टिंबे, एक आडवी रेघ आणि एक कंस अशी खूण करावी, म्हणजे मान कलती करून पाहणाऱ्यास हसरा चेहरा दिसेल. कारण काय? थट्टेने लिहिलेले लोक खरे मानीत होते. आज मोबाईलवर दिसणाऱ्या रंगीत चेहऱ्यांच्या घराण्यात ही खूण वडीलधारी म्हणावी लागेल. त्यांना इमोजी म्हणतात. हा शब्द जपानी आहे. ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर.

परंतु चेहऱ्याची उणीव भरून काढणारे हे चित्रच कधी घात करते. डिचोली तालुक्यातील एका कुटुंबाची हकिकत, नावगाव न सांगता, येथे देतो. मुंबईस राहणारा भाऊ वारला. पुतण्याने ती वार्ता कुटुंबाच्या गटावर कळविली. गावी असलेली वृद्ध बहीण गुडघ्यांच्या दुखण्यामुळे प्रवास करू शकत नव्हती. तिने मोबाईल घेतला, आणि डोळ्यांतून पाणी वाहणारा एक चेहरा शोधून, तो एकदा नव्हे तर पाच वेळा, त्या वार्तेखाली ठेविला. तो चेहरा रडणारा नव्हता. हसता हसता डोळ्यांत पाणी आलेला तो चेहरा; २०१५ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ज्यास त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडले तोच. पुतण्याने तो पाहिला आणि त्याला वाटले, जुन्या जमिनीच्या वादाचा सूड आत्याने बापाच्या मरणावर हसून घेतला. त्याने बोलणे टाकले. महिनाभराच्या मिस्सेलाही तो गावी आला नाही.

ही गोष्ट आमच्यापर्यंत आली तेव्हा आम्ही त्या बाईंस भेटलो. त्या म्हणाल्या, ‘‘फादर, त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते ना? मी पाणी तेवढे बघितले.’’

‘‘घरात कोणास विचारले नाहीत?’’

‘‘कोणास विचारू? सून कामावर. नात म्हणेल, आजीला एवढेही कळत नाही.’’

आम्ही पुतण्यास दूरध्वनी केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘आत्याला फोन द्या.’’ पुढे त्या दोघांचे काय बोलणे झाले ते आम्ही ऐकले नाही, ऐकण्याचे कारणही नव्हते. परंतु या प्रकरणात दोष कोणाचा, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल तर आम्ही एवढेच म्हणू की त्या बाईंनी एकदा विचारले असते तर, आणि पुतण्यानेही एकदा विचारले असते तर, ते तीन महिने वाचले असते.

यावरून पहिला नियम असा निघतो की सुखाच्या वार्तेस चित्र चालेल, दुःखाच्या वार्तेस शब्द लिहावे. आणि शक्य असेल तर आवाज ऐकवावा. ‘ऐकून फार वाईट वाटले. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीत आहे.’ एवढ्या दोन ओळी मराठीत लिहिता येत नाहीत असा वाचक विरळा.

दुसरा नियम रागाचा. इंटरनेटवरील शिष्टाचारांची एक नियमावली ऑक्टोबर १९९५ मध्ये, म्हणजे आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले त्याच वर्षी, अमेरिकेत प्रसिद्ध झाली. सॅली हॅम्ब्रिज या बाईंनी ती संकलित केली होती. तीत सांगितले आहे की मन क्षुब्ध असता उत्तर पाठवू नये, एक रात्र जाऊ द्यावी. आणि जे पोस्टकार्डावर लिहिणार नाही ते ईमेलमध्येही लिहू नये. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा असे आपणांस शिकविले आहे. या दोन उपदेशांत विरोध नाही. राग मनातून आजच काढावा आणि उत्तर उद्या लिहावे. त्याच नियमावलीत इंग्रजीची मोठी अक्षरे सबंध मजकुरात वापरणे म्हणजे ओरडणे होय असे म्हटले आहे. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत, हे आपले भाग्य. पण दहा दहा उद्गारचिन्हे देऊन आपणही ती उणीव भरून काढतोच.

तिसरा नियम उत्तराची वाट पाहण्याचा. व्हॉट्सॲपवर एक बारीक खूण आली म्हणजे संदेश निघाला, दोन आल्या म्हणजे पोचला, त्या निळ्या झाल्या म्हणजे पलीकडे उघडला गेला. या निळ्या खुणांनी पुष्कळ आयांची झोप घालविली आहे. ‘‘वाचले, पण उत्तर नाही!’’ पूर्वी आखातातील पत्रास उत्तर यायला महिना लागे, तेव्हा आई मनात काही आणीत नसे. आता दोन तास झाले की ती उपाशी बसते. उघडणे म्हणजे निवांतपणे वाचणे नव्हे. तथापि मुलांनीही रात्री निजण्यापूर्वी एक ओळ लिहावी. ‘जेवलो, ठीक आहे’ एवढे लिहिण्यास अर्धे मिनिट लागते.

चौथा नियम आलेला संदेश पुढे ढकलण्याचा. याबाबतीत आम्ही थट्टा करू शकत नाही. १ जुलै २०१८ रोजी महाराष्ट्रात धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून हातोहात पसरले होते. आणि बाजारात आलेल्या या परक्या माणसांवर लोकांनी तोच संशय घेतला. ज्यांनी ते संदेश पुढे पाठविले त्यांपैकी बहुतेकांनी कोणावर हात उगारला नसेल. ‘काळजी घ्या’ एवढाच हेतू त्यांच्या मनात असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही असे बंधन घातले. पण कंपनीचे बंधन बोटाला असते. मनाचे बंधन आपले आपणच घालावे लागते. संदेश कोणी लिहिला, केव्हा लिहिला, आणि तो खरा असल्याचे मला स्वतःला ठाऊक आहे काय? या तिहींचे उत्तर नसेल तर तो आपल्यापाशीच थांबवावा. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा तोंडाला लागू आहे तशी बोटालाही लागू आहे.

आता त्या लाजेकडे येऊ. आत्याबाईंच्या घरात तिने मने दुखविली. दुसऱ्या घरांत ती पैशाला मुकविते. स्पॅम म्हणजे न मागता आलेला मजकूर. तो बहुधा निरुपद्रवी असतो. परंतु फिशिंग म्हणजे गळ टाकणे. नदीकाठच्या माणसास गळ काय ते सांगावयास नको. आमिष दिसते, काटा दिसत नाही. ‘तुमचे वीजबिल थकले आहे, या दुव्यावर बोट ठेवा’, ‘तुमचे खाते आज बंद होईल’ ही आमिषे आहेत. लिंक किंवा दुवा म्हणजे दुसऱ्या ठिकाणी उघडणारे दार. ते कोणाच्या घरात उघडते हे कळल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. ती बँकेचा माणूस कधीही मागत नाही. मोबाईलवरून पैसे देण्याघेण्याची यूपीआय व्यवस्था २०१६ साली सुरू झाली. तीत पैसे देताना गुप्त आकडा दाबावा लागतो, घेताना कधीही नाही. ‘‘पैसे मिळण्यासाठी आकडा दाबा’’ असे कोणी म्हटले की तो लुटारू समजावा.

याहून भयंकर प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने चालतो. पोलिसाच्या वेषातील माणूस मोबाईलच्या पडद्यावर येतो, तुमच्या नावावर गुन्हा आहे असे सांगतो, आणि दार लावून घ्या, कोणाशी बोलू नका, फोन ठेवू नका असे बजावून तासन् तास बसवून ठेवतो. शेवटी सुटकेसाठी पैसे मागतो. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरून लोकांस तसे स्पष्ट सांगितले. त्या भामट्याचे पहिले वाक्य कोणते ते वाचकांनी पाहावे: कोणाशी बोलू नका. त्याला पक्के ठाऊक आहे की म्हातारा माणूस शेजाऱ्यास हाक मारील तर आपला डाव संपला. त्याचा सारा धंदा आपल्या भीतीवर आणि लाजेवर चालतो. म्हणून अशा वेळी करावयाचे ते एकच: फोन ठेवावा आणि कोणाशी तरी बोलावे. मुलगा, शेजारी, शिक्षक, पंचायतीचा माणूस, आम्हीसुद्धा. आणि पैसे गेलेच असतील तर १९३० या दूरध्वनी क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम वाटेत अडविण्याचा संभव अधिक. दुसऱ्या दिवशी, घरच्यांपासून लपवून, रडत बसण्याने काही परत येत नाही.

तरुण वाचकांस शेवटी एक विनंती. तुमच्या आजीने तुम्हांस बाराखडी शिकविली तेव्हा तुम्ही ‘ख’ उलटा काढला असेल. तिने तो दहा वेळा पुसून दाखविला आणि दहाही वेळा हसली नाही. आता ती तुम्हांस विचारते तेव्हा, ‘‘आजी, कालच तर सांगितले!’’ असे म्हणू नका. येत्या रविवारी जेवणानंतर अर्धा तास तिच्यापाशी बसा. मोबाईल तिच्याच हातात असू द्या, तुमच्या नको. दुसऱ्याच्या हातात पाहून कोणी शिकत नाही. अक्षरांचा आकार मोठा करा, मराठीचा कळफलक लावून द्या, आणि रडणारा चेहरा कोणता व हसणारा कोणता ते दाखवा. मुलाचा, शेजाऱ्याचा आणि १९३० हे तीन क्रमांक कागदावर ठसठशीत लिहून भिंतीवर चिकटवा.

आणि वडीलधाऱ्यांस सांगावयाचे ते असे. न समजणे हा दोष नव्हे. जगातील कोणीही हे शब्द आईच्या पोटातून शिकून आलेला नाही. समजत नसेल तेथे थांबावे आणि विचारावे. घरी विचारण्यास कोणी नसेल तर रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या ओट्यावर यावे. गायनमंडळातील मुलेमुली तेथे असतात. त्यांस आम्ही सांगून ठेविले आहे. येताना चष्मा तेवढा विसरू नये.